काकूच्या कोठीतलं बी.ए.

काही माणसांचे किस्से आठवून आठवून सांगावे लागतात. इंदूकाकूचं तसं नाही. हिंगणघाटचं कुणीही कुठंही भेटू द्या, चहा येईपर्यंत काकूचं नाव निघतंच, आणि कप खाली ठेवेपर्यंत मला ठाऊक नसलेला एखादा किस्सा कानावर पडलेला असतो. बाई जाऊन इतकी वर्षं झाली, पण किस्से काही थांबायला तयार नाहीत! आमच्या स्टाफरूममध्ये तर मी हे सगळं इतक्यांदा सांगितलं, की मी घसा साफ करायला थांबले तर पुढचं वाक्य दुसरीच कुणी बोलून मोकळी व्हायची.

काकू म्हणजे कुणी पुढारी नव्हे की महिला मंडळाची अध्यक्ष नव्हे. चौथी पास, उंचीनं बेताची, आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरेल एवढा. तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली भाऊ म्हणायची. ते जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते. एकुलता मुलगा भिलाईला नोकरीला. म्हणजे घरात माणसं दोन आणि चुलीवर भाकरी रोज चौदा! "येनारा येतेच," असं ती म्हणायची, आणि येणाराही इमानानं यायचा.

सत्त्याहत्तर साली लग्न होऊन मी तिच्या शेजारच्या घरात आले. माझी बी.ए.ची दोन वर्षं झाली होती, शेवटचं राहिलं होतं. ते एक वर्ष पुरं होणार की नाही, याशिवाय तेव्हा मला दुसरी काळजी नव्हती. काकू नसती तर ते झालं नसतं, हे आधीच सांगून टाकते. पण काकूबद्दल बोलायचं तर सुरुवात जेवणापासूनच करायला हवी.

*

काकूचा एक नियम होता. दारात आलेल्याला जेवायच्या आधी नाव-गाव विचारायचं नाही. विचारलं की त्याला वाटतं आपली चौकशी चालली आहे, आणि मग माणूस पोटभर जेवत नाही, असं तिचं म्हणणं.

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास रिक्षातून चार पाहुणे उतरले. दोन म्हातारे, एक बाई आणि कडक इस्त्रीतला एक तरुण. काकूला वाटलं, भाऊंच्या जिनिंगकडचे कुणी असतील. भाऊंना वाटलं, काकूच्या माहेरचे, आंजीचे असतील. दोघांनी पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि पाटच मांडले.

वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, भात, जवसाची चटणी. पाहुणे सुरुवातीला जरा बिचकले, पण जेवले. त्या तरुणाला काकूनं "लाजू नको बाप्पा" म्हणत चौथी पोळी वाढली. पान-सुपारी झाली. मग मोठ्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"जेवन तं झकास झालं. आता पोरीले बोलवा."

"कोनत्या पोरीले?" काकू.

"अवो, पोरगी पाहाले आलो न आमी!"

काकूनं भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी काकूकडे पाहिलं. पोरगी होती ती मागच्या गल्लीत, आडनावानं सारख्या एका मास्तरांकडे. तिथं सकाळपासून मंडळी दाराला डोळे लावून बसली होती आणि पोरीची आई रडकुंडीला आली होती!

दुसरी कुणी असती तर ओशाळून पत्ता सांगितला असता आणि दार लावून घेतलं असतं. काकूनं पदर खोचला, चौघांना पुढं घातलं आणि मास्तरांच्या फाटकातूनच आवाज दिला, "मास्तरीनबाई, तुमचे पाहुने जेवून-गिवून आनले वो! आता तुमी फक्त पोरगी दाखवा!"

लग्न जमलं. तो जावई पुढं कित्येक वर्षं हिंगणघाटला आला की आधी काकूकडे जेवायचा आणि मग सासुरवाडीला जायचा.

*

काकूच्या घरात भांडी टिकत नसत. चोरीला जात नसत, जेवण घेऊन बाहेर पडत आणि परत येत नसत. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काकूच्या तोडीचं काहीतरी करून मगच द्यावा, असं म्हणत लोक तो फळीवर ठेवून देत, आणि तो तिथंच रुळायचा. भांड्यांवर नाव घातलेलं असायचं, "सौ. इंदू", पण नाव वाचून भांडं चालत घरी येत नाही ना!

आंजीला तिच्या भाच्याचं लग्न होतं. आहेर मांडले जात होते. भाऊंनी एक पितळी गंज, म्हणजे पातेलं, उचललं, उलटं केलं आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अवो, हा तं आपलाच!"

आहेर करणारी आमच्याच गल्लीतली एक गरीब बाई होती. ती समोरच बसली होती. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"आपला कसा?" काकू कडाडली. "जगात इंदू का मी एकटीच हाये?"

भाऊ चिवट. खालची तारीख वाचायला त्यांनी चष्मा चढवला. काकूनं सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांच्या नाकावरून चष्माच उचलला! "मांडवात कायले वाचत बसले? जा, वऱ्हाडाले पानी द्या!"

त्या बाईच्या घरून पुढं दरवर्षी काकूकडे तिळाचे लाडू यायचे. डबा मात्र काकू लगेच रिकामा करून परत पाठवायची.

*

आता माझं.

माझ्या सासूबाईंना शिक्षणाचा राग होता, आणि त्याला कारण होतं. त्यांची थोरली सून ग्रॅज्युएट होती, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती थोरल्या मुलाला घेऊन नागपूरला वेगळी राहायला गेली. सासूबाईंच्या मते दोष ना मुलाचा, ना सुनेचा. सगळा दोष त्या डिग्रीचा! "पहिली शिकली अन् निंगली," त्या म्हणायच्या. "आता दुसरी शिकनार नाई." त्या स्वतः कधी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, पण शब्दाच्या पक्क्या.

आमचे हे मिलच्या ऑफिसात कारकून. त्यांनी गुपचूप माझा बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म आणून दिला आणि मग जणू आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्यानं पेपर वाचत बसले.

हिवाळ्यातली गोष्ट. एके दिवशी माझं राज्यशास्त्राचं पुस्तक सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी न्हाणीत गेले तर बंब धडधडत होता आणि राखेत काळ्या पडलेल्या पानांचा थर होता. सासूबाई अंगणात केस वाळवत बसल्या होत्या. "आज पानी मस्त तापलं वो," एवढंच त्या म्हणाल्या.

आमच्या आणि काकूच्या घरामधल्या भिंतीला एक खिडकी होती. तिथं उभी राहून मी रडत होते. पलीकडून आवाज आला, "काऊन रडून राह्यली?"

"पुस्तक जाळलं काकू."

"सारेच जाळले?"

"एक."

"मंग रडत काय बसली? बाकीचे इकडं दे!"

लुगड्यात गुंडाळून सहा पुस्तकं मी खिडकीतून पलीकडे दिली. दुसऱ्या दिवशी काकू सासूबाईंकडे आली. "बाई, पापडाचे दिवस आले. माहा हात दुखून राह्यला. तुमची सून दुपारची देता का मले? अर्धे पापड तुमचे."

अर्धे पापड म्हटल्यावर सासूबाई नाही कशाला म्हणतील? दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी बारा ते चार काकूकडे. गल्लीतल्या बायका ओसरीवर पोळपाट घेऊन बसायच्या आणि मी आतल्या कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमध्ये, पाटावर पुस्तक घेऊन. वर एक झरोका होता. तेवढा उजेड पुरायचा. माझ्या वाटचे पापड काकू लाटायची. आधी स्वतःचे, मग माझे. संध्याकाळी ती चवड मी घरी न्यायची आणि सासूबाई एकेक पापड उजेडाला धरून खूश व्हायच्या.

पापड संपले तर शेवया आल्या. शेवयांनंतर कुरडया, मग वड्या, मग दिवाळीचा फराळ. वर्षभर काकूचा हात दुखतच राहिला! त्या वर्षात मी एक पापड लाटला नाही आणि गल्लीत माझ्या पापडांचं नाव झालं.

एकदाच गोत्यात आलो. सासूबाईंची बहीण पुलगावहून आली होती. बहिणीच्या सुनेला पापड लाटताना बघायचं म्हणून ती थेट काकूच्या ओसरीवर! काकूनं मला कोठीतून ओढून काढलं, हातात लाटणं दिलं. माझ्या हातून जे झालं ते एका बाजूला फाटलं, दुसऱ्या बाजूला जाड राहिलं आणि पोळपाटाला चिकटून बसलं.

"हे?" मावशी म्हणाली. "हे हिचे पापड?"

ओसरीवरची बाकीची लाटणी थांबली. काकूचं लाटणं मात्र थांबलं नाही. "तुमी असं टक लावून पाहून राह्यल्या मावशी, तिचा हात लाजला! तिकडं तोंड करून बसा, मंग पाहा!"

मावशीनं खरंच तिकडे तोंड केलं. तेवढ्यात काकूनं पोळपाट बदलला.

आज विचार करते तेव्हा वाटतं, माझ्या वाटचं काम असं रोज, कुरकुर न करता दुसऱ्या कुणी केलं असतं? माझ्या आईनंही केलं नसतं. या बाईचे उपकार मी कधी फेडू शकले नाही, आणि फेडावेत असं तिला कधी वाटलंही नाही.

*

कोठीतला अभ्यास दाराआडून काकूही करायची. मी घरी निघायच्या आधी पुस्तक हातात घेऊन ती माझं पाठांतर घ्यायची. वाचायला अडखळायची, पण ऐकताना तिचा जीव वरखाली व्हायचा. दिल्लीच्या तख्तासाठी भावाभावांची भांडणं आली तेव्हा तर तिनं पुस्तकच मिटलं.

"सख्ख्या भावाले? अन् बाप काय करून राह्यला होता?"

"कैदेत होता."

"मंग पुढं?"

"पुढचं उद्या वाचायचं आहे काकू."

"उद्या? मले झोप लागनार का मंग?"

दुसऱ्या दिवशी पापड लाटता लाटता तिनं तो सगळा इतिहास बायकांना सांगितला, स्वतःच्या चार शिव्या घालून. महिन्याभरात सगळ्या ओसरीला राजे-बादशहा पाठ. एकदा मी एका राजाचं साल चुकले तर शेवया वळणारी एक बाई बाहेरून ओरडली, "त्याच्या आधीच मेलता तो!"

*

त्या पावसाळ्यात दवाखान्यात शीला नावाची नवी नर्स आली. ती बौद्ध. गावात खोली शोधून शोधून थकली. खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की ती नेमकी "कालच दिली" व्हायची!

काकूकडे आली तेव्हा ऐन जेवायची वेळ. म्हणजे नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. जेवण झालं, मागची खोली दाखवली, शीला त्याच दिवशी ट्रंक घेऊन आली. आठवड्यानं कोपऱ्यावरच्या घरची बाई काकूला म्हणाली, "इंदूबाई, खोली कोनाले देली, काई विचारपूस केली का?"

"केली न! विचारलं, रातपाळी असन तं डबा लागन का?"

भाद्रपदात काकूकडे महालक्ष्म्या बसायच्या. कोपऱ्यावरच्या बाईचा निरोप आला, ती नर्स पंगतीत असेल तर आम्ही येणार नाही. काकूनं उलट निरोप धाडला, "बरं. पुरन उरलं तं पाठवून देईन."

खरी अडचण पुढंच होती. शीलाच म्हणाली, "काकू, आधीच सांगतो. मी महालक्ष्म्या नाई मानत. पूजेत नाई बसनार."

"नको मानू. सोळा भाज्या मानते का?"

शीला हसली आणि जेवायला आली. आम्ही दोघी शेजारी बसलो. पंगत रंगात आली होती, बायका पुरणाची तारीफ करत होत्या, आणि शीला एकदम म्हणाली, "काकू, आंबील लय आंबट झाली."

पंगत गार. नैवेद्याच्या आंबिलीला कुणी नाव ठेवतं? काकूनं वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "खरंच वो! इतके वर्सं झाले, एकीनं सांगतलं नाई मले!"

पुढच्या बुद्धपौर्णिमेला शीलानं खीर केली. आम्ही सगळ्या तिच्या खोलीत. काकूनं पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "पातळ झाली."

"बदला घेतला न काकू?"

"नाई वो पोरी. तू खरं बोलली, मंग मी काऊन खोटं बोलू?"

माझं इंग्रजी शीलानं घेतलं, हेही सांगायला हवं. रात्रपाळी करून आलेली बाई दुपारी दोन तास झोपायची आणि मग डोळे चोळत कोठीत येऊन बसायची.

*

संक्रांतीचं वाण म्हणून बायका काय देतात? कंगवे, वाट्या, कुंकवाचे करंडे. त्या वर्षी काकूनं पोस्टकार्डं वाटली! हळदी-कुंकू लावलं, तीळगूळ दिला आणि प्रत्येकीच्या हातात एक कोरं कार्ड. "माहेरी लिवा. ज्यायले लिवता येत नाई त्यायनं इथंच बसा. मी लिवून देतो."

ओसरीवर रांग लागली. कुणी बहिणीला, कुणी भावाला. एकीनं नुसतंच "गाय व्याली" एवढं लिहायला सांगितलं आणि ढसाढसा रडली.

सासूबाई कार्ड घेऊन उगाच रेंगाळत होत्या. सगळ्या गेल्यावर त्या काकूपुढं बसल्या आणि थोरल्या मुलाचा नागपूरचा पत्ता सांगितला. मजकूर काय? "इकडे सर्व ठीक आहे. तिकडे ठीक असावे." संपलं.

"अजून काई?" काकूनं विचारलं.

"अजून काय? ठीक हाये म्हनजे ठीक हाये."

दोन आठवड्यांनी थोरले दीर दारात! सोबत बायको, लेकरू आणि संत्र्यांची टोपली. सासूबाईंना काय करावं आणि काय नको. रात्रीचं जेवण झाल्यावर दिरांनी खिशातून कार्ड काढलं आणि म्हणाले, "आई, तू असं लिवलं, मंग मी कसा थांबन?"

कार्डाच्या शेवटी लिहिलं होतं, "आई रोज संध्याकाळी दारात बसून वाट पाहते."

सासूबाई तडक काकूकडे. मी मागोमाग. "इंदूबाई, मी असं सांगतलंच नोतं!"

काकू तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "कार्डावर जागा उरलीती बाई. वाया कशी जाऊ देऊ?"

*

आणि मग एप्रिल आला.

हॉल तिकीट पोस्टानं काकूच्या पत्त्यावर आलं. सेंटर वर्धा, पेपर पाच. घरापासून चार तास लांब राहणं एक वेळ जमलं असतं, पण पाच वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं तर सासूबाईंना काय सांगायचं? मी तर आशाच सोडली होती. वर्षभराचा अभ्यास कोठीतच राहणार असं वाटायला लागलं.

काकू सासूबाईंपुढं जाऊन बसली. "बाई, मी गिरडच्या बाबाले नवस बोलली. पाच खेपा कराच्या हायेत. सोबतीले नंदा देता का?"

"कायचा नवस?"

"सांगतलं तं फळत नाई."

"कोनत्या कोनत्या वारी?"

काकूनं तोंडपाठ सांगितलं, "सोमवार, बुधवार, शुक्रवार, मंग पुन्हा सोमवार, बुधवार."

"दर्ग्याले जाता अन् गुरुवार नाई?"

"बोलली तवा वार सांगाले इसरली!"

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. नवसाला आडवं कोण जाणार? "बरं," म्हणाल्या.

गिरडची बस एका दिशेला आणि वर्ध्याची नेमकी उलट्या! स्टँडवर आम्ही गिरडच्या गाडीपाशी उभ्या राहायचो, ओळखीचं माणूस नाहीसं झालं की पळत जाऊन वर्ध्याची गाडी पकडायचो. सेंटरबाहेर एक कडुलिंब होता. त्याच्याखाली काकू तीन तास बसून राहायची, डोक्यावर पदर, पदराला कांदा बांधलेला, शेजारी पाण्याची सुरई. वर्ध्याचं एप्रिलचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. तिसऱ्या पेपरापर्यंत दुसऱ्या पोरींचे दोन बाप आणि तिथला चपराशी तिच्या भाकरीवर जेवायला लागले होते.

बाहेर आले की पहिला प्रश्न, "लिवलं?"

"लिहिलं."

"सारं?"

"एक सुटला काकू."

"कोनता? मी पाठ घेतलता तो?" आणि मग घरापर्यंत तोंड फुगलेलं. येताना वर्ध्याच्या बाजारातून रेवड्या घ्यायच्या आणि त्या गिरडचा प्रसाद म्हणून सासूबाईंच्या हातावर ठेवायच्या. त्या डोक्याला लावून खायच्या.

शेवटचा पेपर झाला. मी बसमध्ये हवेत होते. काकू खिडकीबाहेर बघत बोटांवर काहीतरी मोजत होती.

"काय झालं काकू?"

"नंदे, बाबाच्या नावानं पाच डाव खोटं बोलली मी. आता पाच खेपा खऱ्या कराव्या लागतीन. निकालाच्या आत! नाई तं तू नापास होशीन अन् पाप मले लागन."

मी हसले. ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना सांगितलं, "पाच झाल्या बाई, पन मनासारख्या नाई झाल्या. पुन्हा पाच."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

मग अख्खा मे महिना आम्ही खरोखरच गिरडला. धूळ, ऊन, बसची गर्दी, टेकडी. चार खेपा झाल्या. निकालाला आठ-दहा दिवस राहिले होते. पाचव्या खेपेच्या सकाळी आम्ही निघालो तर सासूबाई इरकल नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर तयार.

"या डाव मी बी येतो."

पास झाले तर निकाल पुढं ठेवून, पाया पडून, बी.एड.चं विचारायचं मी ठरवलं होतं. पण त्याआधीच, आणि तेही बाबाच्या दारात, नवस कसला ते फुटलं तर? वर्षभराचे पापड, रेवड्या, वर्ध्याच्या पाच खेपा, सगळंच बाहेर येणार. बसमध्ये आम्ही तिघी एका सीटवर, मध्ये सासूबाई.

सासूबाईंचे गुडघे दुखायचे. टेकडी चढताना दर दहा पायऱ्यांना त्या बसायच्या, पण मी हात पुढं केला की तो बाजूला सारायच्या. वर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दर्ग्यात गर्दी होती. काकूनं चादर, नारळ आणि साखर पुढं ठेवली. मुजावरांनी मोरपिसांचा कुंचा उचलला आणि विचारलं, "क्या मन्नत है माँ?"

काकूनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी खाली फरशीकडे बघत उभी.

तेवढ्यात मला बाजूला सारून सासूबाई पुढं आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाबा, आमची सून बी.ए.ले बसली हाये. सेंटर वर्धा. नंबर चार हजार सातशे एकोनवीस."

मी काकूकडे पाहिलं. काकू टेकडीखालची शेतं बघण्यात अगदी गुंग झाली होती.

मुजावर हसले. "माँजी, बाबा सब जानते हैं. नंबर बताने की क्या जरूरत?"

"असू द्या," सासूबाई म्हणाल्या. "किती गर्दी हाये इथं! नंबर नाई सांगतला तं भलतीलेच पास करून बसतीन!"